विंच डिकीत ठेवा, बंपर दुकानातच राहू द्या

घरात जुनी बोलेरो आहे किंवा काकांनी वापरून सोडलेली थार तुमच्या हातात आली आहे. पहिला विचार काय येतो? पुढे दणकट लोखंडी बंपर, त्याच्या पोटात विंच आणि वर एलईडीची पट्टी. एमएच ३९ ची अशी गाडी कॉलेजच्या गेटसमोर उभी राहिली की माना वळतात, रील होतं, दोन दिवस चर्चा होते. खिशात मात्र पंधरा-वीस हजार, त्यातले निम्मे उसने. मग प्रश्न सुरू होतो, ‘भाऊ, हे स्वस्तात कुठे होईल?’

स्वस्तात होतं. पण त्यासाठी आधी एक गोष्ट मान्य करावी लागेल. विंच आणि बंपर ही जोडगोळी नाही. आपण ती व्हिडिओत एकत्र बघतो म्हणून आपल्याला तसं वाटतं. विंच अडकलेली गाडी बाहेर काढते. बंपर मुख्यतः फोटोत दिसतो. पहिलीवर पैसे टाका, दुसऱ्यावर टाकू नका आणि पहिलीही गाडीच्या नाकावर बसवण्याची घाई करू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. ते का, ते सांगतो.

विंच हा नुसता नाद आहे, असं मी म्हणणार नाही. पुण्या-मुंबईच्या पोराने मॉलच्या पार्किंगमध्ये विंच मिरवली तर हसू येतं, आपल्याकडे तसं नाही. धडगाव, मोलगी, तोरणमाळ, अक्कलकुव्याचा डोंगराळ भाग पावसाळ्यात कसा होतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. वर सातपुड्यात लाल मुरूम आणि निसरडा उतार. खाली शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात काळी माती, जी पाणी प्याली की फुगते आणि टायरच्या खाचा भरून टायर गुळगुळीत करून टाकते. चांदसैली घाटात दरड आली की अर्धा तालुका तुटतो. सप्टेंबर २०२१ मध्ये तसंच झालं होतं. रस्ता बंद, म्हणून एक नवरा आजारी बायकोला खांद्यावर घेऊन चालत निघाला आणि ती वाटेतच गेली. ती बातमी राज्यभर गेली होती.

विंचने दरड हटत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. पण दरडीच्या अलीकडे-पलीकडे, नाल्याच्या काठावर, कच्च्या रस्त्याच्या वळणावर जी क्रुझर किंवा पिकअप रुतून बसते, ती निघते. आणि त्या गाडीत कधी बाळंतीण असते, कधी बारावीचा पेपर द्यायला निघालेली पोरं असतात. म्हणजे आपल्या जिल्ह्यात ओढण्याचं साधन ही चैन नाही. प्रश्न फक्त कोणतं साधन, हा आहे.

आता विंच म्हणजे काय ते बघू. विहिरीवरचा रहाट आडवा करून गाडीला लावला, एवढीच कल्पना. एक मोटर, दातेरी चक्रं आणि एक ढोल, ज्यावर वायर किंवा सिंथेटिक दोर गुंडाळलेला. दोराचं टोक झाडाला बांधायचं, बटण दाबायचं, गाडी स्वतःला ओढत पुढे येते. किती ताकदीची घ्यायची याचा जगभर चालणारा ठोकताळा असा की माणसं-सामान धरून गाडीचं जे एकूण वजन होईल त्याच्या दीडपट. बोलेरो किंवा थार भरली की दोन-सव्वादोन टनांच्या आसपास जाते. दीडपट म्हणजे तीन टनांच्या वर. विंच पौंडात विकली जाते. ९,५०० पौंड लिहिलेली विंच म्हणजे साधारण ४,३०० किलो. ती पुरते.

पण डब्यावर छापलेला तो आकडा ढोलावर दोराचा शेवटचा, सगळ्यात आतला थर उरलेला असतानाचा असतो. दोर जितका गुंडाळलेला राहील तितका ढोल जाड होतो आणि ओढ कमी होते. वरच्या थरावर ती जवळपास तिसऱ्या हिश्शाने घटलेली असते. म्हणजे झाड अगदी जवळ असेल तर तुमची ‘९,५००’ वाली प्रत्यक्षात तेवढी नसतेच. त्यावर उपाय साधा आहे, कप्पी. दोर झाडाजवळच्या कप्पीतून वळवून परत गाडीलाच आणून अडकवला की ओढ दुप्पट होते आणि वेग निम्मा. आठवी-नववीच्या विज्ञानात हे आपण शिकलो, परीक्षेत लिहिलं आणि विसरलो.

दुसरी भानगड विजेची. पूर्ण ताणावर अशी विंच ४०० अँपियरच्या घरात करंट खेचते. गाडीचा अल्टरनेटर त्याच्या पाव हिश्शाच्या आसपासच देऊ शकतो, बाकीचा बॅटरीतून जातो. जुन्या, कशाबशा सेल्फ मारणाऱ्या बॅटरीवर विंच लावली तर गाडी चिखलातून निघायच्या आधी बॅटरी बसते आणि रात्री तोरणमाळच्या सातपायरी घाटात तुमच्याकडे रुतलेली आणि बंद, अशी दोन्ही गुणांची गाडी असते. म्हणून विंचच्या किमतीत चांगली बॅटरी, जाड केबल आणि मेन स्विच धरायचाच. ‘पंचवीस हजारात विंच मिळते रे’ म्हणणारा मित्र हा भाग सांगत नाही.

आणि आता खरी मेख. विंच कशाला बसवणार? इथेच बंपर येतो. आपल्याकडचा वेल्डिंगवाला हुशार माणूस असतो. ट्रॉली बनवतो, गेट बनवतो, ऊस वाहायच्या गाडीचा सांगाडा बनवतो. त्याला मोबाइलवर फोटो दाखवला की दोन दिवसांत तसाच बंपर करून देईल, दुकानातल्यापेक्षा निम्म्या पैशांत. दिसायला एक नंबर. पण त्या पट्टीवर तीन-चार टनांचा ताण येणार आहे, तो सरळ समोरूनच येईल असं नाही, तिरकाही येईल. तो ताण चेसिसच्या दोन्ही लांब दांड्यांना वाटून गेला पाहिजे. मूळ बंपरच्या पातळ पत्र्याच्या क्लॅम्पला नट मारून भागवलं तर एखाद्या दिवशी विंच, पट्टी, बंपर सगळं सुटून झाडाच्या दिशेने जाईल आणि मध्ये कोण उभं असेल ते नशीब. विंचच्या बोल्टच्या डोक्यावर ग्रेडचा आकडा कोरलेला असतो, किमान ८.८ तरी हवा. हार्डवेअरच्या बरणीतला साधा बोल्ट तिथे चालत नाही. ही काळजी घेऊन, जाड प्लेट वापरून, चेसिसला धरून काम केलं की ते स्वस्त उरत नाही. ‘स्वस्त’ बंपर स्वस्त असतो तो हेच वगळून.

वजनाचंही बघा. लोखंडी बंपर आणि विंच मिळून ऐंशी-शंभर किलो सहज होतात. म्हणजे एक धडधाकट माणूस कायमचा पुढच्या चाकांच्याही पुढे बसवल्यासारखं. गाडीचं नाक खाली बसतं, स्टिअरिंग जड होतं, स्प्रिंग थकतात, उतारावर ब्रेकवर जास्त भार येतो. आपल्या घाटांत गाडी रुतण्यापेक्षा गाडी न थांबण्याची भीती मोठी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंबा यात्रेहून परतणारी पिकअप चांदसैली घाटात उलटली, घरी परतणारी पोरं गेली. त्या गाडीला बंपर होता की नव्हता याचा इथे काही संबंध नाही. मी ती आठवण काढतो आहे ती एवढ्यासाठी की वीस हजार हातात असतील तर घाट उतरणाऱ्या गाडीला आधी काय लागतं, हे आपल्याला ठाऊक असायला हवं. ब्रेक लायनर आणि टायर. त्यांचं रील होत नाही.

आता कायदा. ‘पोलिसांना शंभर दिले की झालं’ हे उत्तर माहिती आहे, ते बाजूला ठेवू. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीत नोंदलेल्या, कंपनीने ठरवलेल्या रूपापेक्षा गाडी वेगळी होईल असे बदल मालकाने करायचे नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध जाणारे बदल चालणार नाहीत, हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षा आली, बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. ‘दर बदलामागे’ हे शब्द नीट वाचा. बंपर एक, दिव्यांची पट्टी दोन. आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं.

हे नियम काही साहेबांच्या लहरीतून आलेले नाहीत. कंपनीचा पुढचा बंपर प्लास्टिकचा असतो, त्यामागे दबणारा भाग असतो, तो मुद्दाम दबण्यासाठीच असतो. धडक बसली की तो चुरगळतो आणि तेवढा धक्का आतल्या माणसांपर्यंत पोचत नाही. एअरबॅगचा सेन्सरही या चुरगळण्याच्या हिशेबानेच लावलेला असतो. जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, म्हणजे त्यानंतरची गाडी असेल तर ती तुमच्या स्टिअरिंगमध्ये आहेच. पुढे लोखंडी पाइप लावून तुम्ही तिचा हिशेब बिघडवता. ती उशिरा उघडेल किंवा नको तेव्हा.

पण मला जास्त खटकते ती गोष्ट गाडीबाहेरची आहे. मोलगीच्या बाजाराच्या दिवशी रस्ता आठवा. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार आठवा किंवा काठीच्या होळीला निघालेली माणसं. रस्त्याच्या कडेने रांगच्या रांग पायी चालते. डोक्यावर बोजा, कडेवर लेकरू, हाताशी शेळी. प्लास्टिकच्या बंपरची धडकही वाईटच, पण तो निदान दबतो. लोखंडी पाइप दबत नाही. मोठ्या माणसाच्या मांडीला लागतो तो पाइप चार वर्षांच्या पोराच्या डोक्याच्या उंचीवर असतो. ‘सेफ्टीसाठी लावलाय’ असं आपण म्हणतो तेव्हा ती सेफ्टी कोणाची, हा प्रश्न विचारायला हवा. या रस्त्यांवर गाडीत बसलेल्यांपेक्षा पायी चालणारे जास्त आहेत. त्यांच्यात आपली आजी आहे, मावशी आहे.

मग करायचं काय? नाकावर काही लावायचंच नाही. सगळं डिकीत ठेवायचं. डिकीतल्या सामानाने गाडीची रचना बदलत नाही, त्यामुळे कलम ५२ चा प्रश्नच येत नाही. आणि गाडी विकली तरी सामान तुमच्याकडेच राहतं.

सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे हवा. टायरमध्ये ३० पीएसआय असेल तर रुतण्याआधीच १८-२० वर आणा. टायर पसरतो, पकड वाढते. निम्म्या वेळा गाडी यावरच निघते. परत भरायला बॅटरीवर चालणारा छोटा पंप हवा, नाहीतर पंक्चरवाल्यापर्यंत तशीच सावकाश चालवायची. मग एक फावडं. हसू नका, चाकापुढची माती उकरून तिथे दगड-फांद्या घालणं हे आपल्या क्रुझरवाल्यांचं तंत्र आहे आणि त्यांना कोणी शिकवलेलं नाही. धडगावच्या रस्त्यावर वर्षभर गाडी काढणाऱ्या ड्रायव्हरसोबत एक दिवस बसा, दहा व्हिडिओ बघण्यापेक्षा जास्त कळेल.

त्यानंतर दोर. बाजारात मिळणारा निळा-पिवळा प्लास्टिकचा दोर नको, तो ताणाखाली तुटतो आणि चाबकासारखा येतो. नायलॉनचा जाड रिकव्हरी दोर घ्या. तो ताणला जातो आणि रबरासारखा गाडीला अलगद उपटून काढतो, पण ओढायला दुसरी गाडी लागते. ती आपल्याकडे असतेच, शिवारात ट्रॅक्टर कुठेही मिळतो. त्याला हळू ओढायला सांगा आणि दोर अडकवा तो चेसिसला लावलेल्या कंपनीच्या हुकाला किंवा नीट बसवलेल्या डी-शॅकलला. ट्रॉली ओढायच्या गोल बॉलला कधीच नाही, तो सुटला की तोफगोळा होतो. मूळ बंपरला तर नाहीच.

आणि आता तुमची विंच. लायनमन तारा ताणताना एक हातयंत्र वापरतात ते बघितलं असेल. दांडा मागे-पुढे करायचा, वायर इंचाइंचाने यंत्रातून सरकते. कामगार त्याला टिरफोर म्हणतात. सरळ ओढीत १.६ टनवालं यंत्र कप्पी लावली की ३.२ टन ओढतं. म्हणजे वर सांगितलेल्या दीडपटीच्या हिशेबात जवळपास बसतं. वजन वीसेक किलो. बॅटरी नको, वेल्डिंग नको, आरटीओ नको. गाडी पुढेच नाही, मागेही ओढता येते, जे नाकावरच्या विंचला जमत नाही. आणि हे फार महत्त्वाचं, दुसऱ्याची गाडीही ओढता येते, तुमची गाडी तिथे पोचली नसली तरी. दुचाकीवर नेता येतं. घाम निघतो, हे खरं. पंधरा फूट ओढायला अर्धा तास लागू शकतो. बाजारात दोन-तीन हजाराला मिळणारा छोटा रॅचेटवाला पुलरही असतो, त्यावर ‘२ टन’ लिहिलेलं असतं, पण त्याची वायर दोन-तीन मीटरची आणि दाते नाजूक. चारचाकीसाठी त्याच्या नादी लागू नका.

चार मित्रांत हे सामान घेतलं तर प्रत्येकी किती येतं, करा हिशेब. एका गावात एक यंत्र पुरतं. थ्रेशर आपण तसाच वापरतो ना? एकाचं, पण हंगामात सगळ्यांचं.

कोणी म्हणेल, गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होते, तिथल्या गाड्यांना तर पुढे-मागे विंच आणि लोखंडी बंपर असतात. असतात. त्या स्पर्धेच्या गाड्या आहेत, चिखलात मुद्दाम घालण्यासाठी बनवलेल्या. तुम्हाला तिथे जायचं असेल तर जरूर जा, तेव्हा चांगल्या कंपनीची विंच घ्या, पूर्ण खर्च करा. सारंगखेड्याच्या यात्रेत शर्यतीचा घोडा वेगळा आणि टांग्याचा वेगळा, हे आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. आणि एखाद्याला खरंच इलेक्ट्रिक विंच रोज लागणार असेल, म्हणजे डोंगरात गाडी चालवणं हाच धंदा असेल, तर त्याने मूळ बंपरच्या मागे लपणारी, चेसिसला धरणारी प्लेट बघावी आणि बसवण्याआधी नंदुरबारच्या आरटीओत कागद घेऊन जाऊन विचारावं. आधी विचारावं, नंतर नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. रस्ते नीट करणं सरकारचं काम, आम्ही यंत्रं घेऊन का फिरायचं? बरोबर आहे. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला, तेव्हा जन्मलेली पोरं आज पंचविशी ओलांडून गेली आणि काही पाड्यांवर अजून बांबूच्या झोळीतून रुग्ण आणावा लागतो. त्यासाठी भांडायचंच. पण पावसात अडकलेल्या गाडीत बसलेल्या बाईला तुमचं निवेदन कधी मंजूर होईल याच्याशी देणंघेणं नसतं. दोन्ही करता येतं.

यंत्र घेतलंत तर ते डिकीत गंजवू नका. पहिला पाऊस पडला की कोणाच्या तरी पडीक शेतात गाडी मुद्दाम थोडी रुतवा आणि काढून बघा. झाड असेल तर वायर थेट बुंध्याला गुंडाळू नका, मोहाची साल सोलली जाते. रुंद पट्टा वापरा. झाडच नसेल तर स्टेपनी खड्ड्यात उभी पुरायची, पट्टा तिच्या मधून घ्यायचा आणि माती दाबायची, ती नांगरासारखी धरते. ताणलेल्या वायरवर मध्यभागी ओलं गोणपाट टाका म्हणजे तुटलीच तर खाली पडेल. हातात जाड मोजे घाला. वायर ओलांडायची नाही आणि बघ्यांना वायरच्या लांबीइतकं लांब उभं करायचं. हे शेवटचं काम सगळ्यात अवघड, कारण आपल्याकडे गाडी अडकली की पाच मिनिटांत पन्नास माणसं जमतात आणि प्रत्येकाला सल्ला द्यायचा असतो. त्यांतल्या दोघांना फावडं द्या. आणि ज्याचं शेत आहे त्याला आदल्या दिवशी विचारून ठेवा, स्टेपनीचा खड्डा चांगला कमरेएवढा होतो.